ज्वालामुखीच्या बेटावर फोटो काढायचेत? सोलापूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे घारापुरी

मे महिना. सोलापुरात पारा ४२ च्या पुढे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात दुपारी पंखा फुल्ल स्पीडवर असतो, पण वारा गरमच लागतो. अशा वेळी फोनवर एकामागून एक रील्स येत राहतात. ग्रीसचं सँटोरिनी, कोरियाचं जेजू, इंडोनेशियाचं बाली. निळा समुद्र, काळा दगड आणि खाली ओळ, 'आयुष्यात एकदा तरी इथे जायलाच हवं'. मैत्रिणींच्या ग्रुपवर कोणीतरी ते शेअर करतं. मग कोणीतरी विचारतं, 'बजेट किती?' आणि चर्चा तिथेच संपते.

या तिन्ही ठिकाणांत एक गोष्ट सारखी आहे. ही ज्वालामुखीतून तयार झालेली बेटं आहेत. आणि अशाच लाव्हाच्या दगडाचं एक बेट आपल्याकडेही आहे. सोलापूरहून रात्री रेल्वेत बसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचता येतं. नाव तुम्हाला माहीत आहे: घारापुरी, म्हणजेच एलिफंटा.

'हॅट, तिथे तर शाळेच्या सहलीत गेलो होतो,' असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण सहलीत आपण रांगेत चालतो, डबा खातो आणि परत येतो. कॅमेरा घेऊन गेलं की बेट वेगळं दिसतं. त्यातही उन्हाळ्यात गेलं, तर मुख्य लेण्यावर असा प्रकाश मिळतो जो डिसेंबरच्या गर्दीत मिळत नाही. फक्त वार, बोटीची वेळ आणि भरती-ओहोटी या तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात. कसं, ते समजून घेऊया.

घारापुरी 'ज्वालामुखीचं बेट' कसं?

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि वरून निघणारा धूर येतो. महाराष्ट्रात झालं ते वेगळं होतं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला. पातळ असल्यामुळे तो दूरवर पसरला, थंड झाला, मग त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असं लाखो वर्षं चाललं. आज उरलेला हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. यालाच दख्खनचं पठार किंवा 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला, कारण हे थर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. बोरघाटातून जाताना डोंगराच्या अंगावर आडव्या रेषा दिसतात ना, त्याच या पायऱ्या.

सोलापूरही याच लाव्हावर वसलंय. आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग कातळ. ही माती आणि हा मुरूम म्हणजे त्याच कातळाची झीज. घारापुरीची लेणी ज्या दगडात कोरली तोही हाच, काळा बेसॉल्ट. म्हणजे रेल्वेने साडेचारशे किलोमीटर जाऊन आपण आपल्याच घराखालचा दगड समुद्रात उभा असलेला बघतो.

मग त्याचं बेट कसं झालं? जेजू किंवा सँटोरिनीसारखं इथे समुद्रातून काही उसळून वर आलं नाही. शेवटच्या हिमयुगात पाण्याचा मोठा साठा बर्फात अडकलेला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली होती. तेव्हा घारापुरी ही जमिनीवरची एक टेकडी होती. बर्फ वितळला, पाणी वर चढलं, सखल भाग बुडाला आणि टेकड्यांची माथी बेटं म्हणून उरली. त्यामुळे रीलला 'जिवंत ज्वालामुखी' असं कॅप्शन देऊ नका. 'लाव्हाच्या दगडाचं बेट' म्हणा, ते खरं आहे.

उन्हाळ्यातच का जायचं?

पहिलं कारण साधं आहे. जूनमध्ये पाऊस आणि खवळलेला समुद्र सुरू होतो. मग बोटी बेभरवशाच्या होतात आणि आकाश करडं.

दुसरं कारण फोटोचं आहे. मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे लेण्याचा दर्शनी भाग सावलीतच राहतो. मार्चअखेरीनंतर सूर्य उत्तरेकडे सरकतो. मे महिन्यात तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि सकाळचा बराच वेळ तिकडेच राहतो. त्यामुळे सकाळी उत्तरेकडच्या खांबांवर आणि कातळावर तिरपं ऊन घासून जातं. समोरून पडणाऱ्या उन्हात दगड सपाट दिसतो, तिरप्या उन्हात छिन्नीचा घाव न् घाव दिसतो.

आता अडचण. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. सोलापुरात तो काही दिवस आधीच येतो. या काळात दुपारी उघड्यावर माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठावर पडते. फिल्टर कुठलाही लावा, हे जात नाही.

उपाय बेटावरच आहे. सकाळी बाहेर, दुपारी लेण्यात, संध्याकाळी बोटीवर. अख्ख्या दिवसाचं नियोजन या एका ओळीत बसतं.

सोलापूरहून कसं जायचं?

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापूरहून निघते आणि सकाळी मुंबईत सीएसएमटीला पोचवते. तिथून गेटवे ऑफ इंडिया जवळच आहे, टॅक्सी किंवा बसने काही मिनिटांत. वंदे भारत सकाळी निघून दुपारी पोचते, त्यामुळे या सहलीला उपयोगाची नाही. परतीलाही रात्रीची सिद्धेश्वर धरली की हॉटेलचा खर्च वाचतो. उन्हाळी सुट्टीत आरक्षण लवकर संपतं, तेवढं आधी बघा.

गेटवेहून बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. अंतर साधारण १० किलोमीटर, वेळ सुमारे एक तास. बेटावरून शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास निघते. वेळा आणि दर बदलत असतात, म्हणून तिकीट खिडकीवर 'शेवटची बोट कधी?' हे विचारून घ्या आणि फोनवर अलार्म लावा. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही.

आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात. हे मी वाचून नाही, गेटवेवर उभी राहून शिकले. पहिल्या वेळी मैत्रिणींबरोबर उत्साहात सोमवारी सकाळी पोचले. मग दिवसभर कुलाब्यात फिरून रात्रीच्या गाडीने परत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. माझी चूक त्यापेक्षा बरीच महाग पडली.

दुसऱ्या वेळी आई आणि धाकट्या भावाला घेऊन गेले. पुढची ठिकाणं त्या दिवसाच्या क्रमानेच सांगते.

१. सकाळची बोट: पुढे नाही, मागे बघा

बोट सुटली की सगळे पुढच्या टोकाला गर्दी करतात. तिथे सकाळी सूर्य जवळपास समोर असतो, फोटो पांढरे पडतात. तुम्ही मागच्या बाजूला बसा. गेटवे आणि ताज हॉटेल पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. बोट लांब जाते तशी दोन्ही इमारती एका फ्रेममध्ये येतात. पहिल्या दहा मिनिटांतच हा फोटो मिळतो, नंतर धुरकट हवेत रंग विरतात.

एक अपेक्षा मात्र घरी ठेवून या. बोटीमागे उडणाऱ्या सीगलच्या रील्स हिवाळ्यातल्या असतात. हे पक्षी थंडीपुरते येतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातात.

२. जेट्टी आणि खारफुटी

बेटावर उतरल्यावर लांब धक्का लागतो. पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे, पण जाताना चालत जा. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखल आणि नांगरलेल्या होड्या दिसतात. भरती असेल तर पाण्यात झाडांचं प्रतिबिंब पडतं. ओहोटी असेल तर चिखलावर पाण्याच्या रेघांची नक्षी उरते, खेकडे फिरताना दिसतात. दोन्ही फोटो चांगले येतात, पण वेगळे. चिखलात मात्र उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

३. पायऱ्या: चेहरा निळा का येतो?

लेण्यांकडे जाणाऱ्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर रंगीत ताडपत्र्या. उन्हापासून सुटका होते, पण ताडपत्रीतून गाळून आलेला प्रकाश चेहऱ्यावर निळा किंवा पिवळा पडतो. फोन गोंधळतो आणि माणसं आजारी दिसतात. दोन ताडपत्र्यांच्या मधली फट शोधा, तिथे चेहरा ठेवा. नाहीतर माणसांऐवजी दुकानांचे फोटो काढा: टोप्या, माळा, दगडी मूर्ती, कैऱ्यांच्या फोडी.

इथली दुकानं बेटावरच्या लोकांची आहेत. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं आहेत. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना या गावांत कायमची वीज आली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर. आईने कैरी विकणाऱ्या मावशींना फक्त 'पाणी कुठनं आणता?' एवढंच विचारलं आणि पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. फोटो त्यानंतर विचारून काढला, तर त्या पदर नीट करून हसल्या. न विचारता काढलेल्या फोटोत तसं हसू आलं नसतं.

४. मुख्य लेणं: दुपारचा स्टुडिओ

सकाळी साडेदहा-अकराच्या आधी पोचलात तर आधी बाहेरून दर्शनी खांब काढा. वर सांगितलेलं तिरपं ऊन तेव्हाच मिळतं. मग आत जा.

हे लेणं साधारण सहाव्या शतकातलं मानलं जातं. १९८७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं. समोरून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १३० फूट खोली आहे आणि सगळं एकाच कातळात वरून खाली, बाहेरून आत कोरलेलं. फोटोच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तरेशिवाय पूर्व आणि पश्चिम बाजूंनाही चौक आहेत. तीन बाजूंनी उजेड आत येतो, अंगणातल्या दगडावर आपटतो आणि मऊ होऊन पसरतो. फोटोग्राफर लोक स्टुडिओत मोठे पांढरे बॉक्स लावून जो प्रकाश तयार करतात, तो इथे फुकट आहे. बाहेर बारा वाजता ऊन भाजत असतं तेव्हा इथे माणसाचा चेहरा सगळ्यात चांगला येतो.

काय काढायचं?

त्रिमूर्ती: लेण्याच्या दक्षिण भिंतीत, माणसाच्या तिप्पट उंच. ही तीन वेगळ्या देवांची मूर्ती असं अनेकांना वाटतं, पण अभ्यासक ती सदाशिवाची मानतात, म्हणजे एकाच शिवाची वेगवेगळी रूपं. अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, कपाळ लहान आणि हनुवटी मोठी येते. मागे सरकून २x झूम वापरा. दोन्ही बाजूंचे खांब फ्रेममध्ये घेतले की मूर्तीचा आकार कळतो.

अर्धनारीश्वर आणि गंगाधर: त्रिमूर्तीच्या दोन बाजूंना. अर्धनारीश्वर पूर्वेकडे आणि गंगाधर पश्चिमेकडे. सकाळी आणि दुपारी कुठल्या चौकातून जास्त उजेड येतो ते बघा, त्याप्रमाणे सावल्या बदलतात. एकच शिल्प दोन वेळा काढून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

नटराज: उत्तरेच्या प्रवेशाजवळ. दाराजवळ असल्यामुळे उजेड भरपूर. हात तुटलेले आहेत, तरी शरीराची वळणं तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसतात.

लिंगाचा गाभारा: चार दिशांना चार दारं आणि दारांशी उंच द्वारपाल. एका दारातून आत आणि समोरच्या दारातून बाहेर असं आरपार बघा, चौकटीत चौकट मिळते. द्वारपालाच्या पायाशी माणूस उभा केला तर उंची लक्षात येते.

फ्लॅश वापरू नका. नियम बाजूला ठेवला तरी फ्लॅशने सगळ्या सावल्या मरतात आणि शिल्प कागदी वाटतं. फोन स्थिर ठेवायला शिल्पाला किंवा खांबाला टेकू नका, दोन्ही कोपर स्वतःच्या पोटाशी घट्ट धरा. ट्रायपॉड आणि लाइट लावून शूट करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

५. पुढची लेणी: लाव्हा बघायची जागा

बहुतेक लोक मुख्य लेणं बघून परततात. त्याच पायवाटेने पुढे गेलं की आणखी लेणी आहेत, काही अर्धवट सोडलेली. शिल्पं कमी, म्हणून गर्दीही कमी. पण 'ज्वालामुखीचं बेट' दाखवायचं असेल तर जागा हीच. कोरीव काम नसलेल्या ठिकाणी दगड जसा आहे तसा दिसतो. बेसॉल्टमध्ये कुठे बारीक भोकं दिसली तर ती लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची असतात. भोकात पांढरे ठिपके दिसले तर ती नंतर पाण्यातून साचलेली खनिजं. फोनच्या मॅक्रो मोडने जवळून काढा. कमेंटमध्ये 'हे काय आहे?' असा प्रश्न हमखास येतो आणि तुमच्याकडे उत्तर असतं.

६. कॅनन हिल

टेकडीच्या माथ्यावर जुन्या तोफा आहेत. इथून बंदर, जहाजं आणि खारफुटीचा हिरवा पट्टा दिसतो. वाटेत सावली कमी, म्हणून भर दुपारी बाराला चढू नका. चारच्या सुमारास चढा, अर्धा तास थांबा आणि पाच वाजेपर्यंत जेट्टीकडे निघा. माकडांपासून सावध राहा. हातात चिप्सचं पाकीट किंवा थंड पेयाची बाटली दिसली की ती त्यांची झाली. भावाने सेल्फीसाठी माकडाला बिस्किट दाखवलं. बिस्किट गेलं, पाकीट गेलं, सेल्फी आला नाही.

ड्रोन घरीच ठेवा. खाली नौदलाचं बंदर, जवळ तेलाच्या टाक्या असलेलं बेट, पलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर पोलिसांची गाठ पडेल.

७. शेवटची बोट: दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो

मे महिन्यात मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. बेट त्याआधीच सोडावं लागतं, म्हणून सोनेरी उन्हातला फोटो बेटावर मिळत नाही. तो परतीच्या बोटीवर मिळतो. बोट पश्चिमेकडे जात असते, सूर्य मुंबईच्या इमारतींच्या वर उतरलेला असतो आणि पाणी तांब्याच्या रंगाचं होतं. आता पुढच्या बाजूला बसा. उजळ आकाशावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. माणसं आणि होड्या काळ्या आकृत्या होऊन येतात.

भरती-ओहोटी कशी काढायची?

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. कोकणात एक सोपं गणित वापरतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा.

म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर बेटावर पोचताना पाणी भरलेलं असतं आणि संध्याकाळी निघताना लांबवर चिखल उघडा पडलेला. याच दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा, गणित करा आणि निघण्याआधी भरतीच्या वेळा इंटरनेटवर तपासा.

फोन तापला तर?

अॅपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सुचवतं. सोलापूरकरांना हे वाचून हसू येईल, पण त्याचा अर्थ खरा आहे. उन्हात सतत व्हिडिओ काढला की फोन आधी स्क्रीन अंधुक करतो, मग कॅमेराच बंद करतो. बाहेर छोटे क्लिप घ्या, मधे फोन पिशवीत सावलीत ठेवा. थंड व्हायला बर्फाच्या बाटलीला चिकटवू नका, आत दमट हवेचं पाणी होतं. पॉवर बँक आणि लेन्स पुसायला सुती रुमाल न्या. मुंबईतलं तापमान सोलापूरपेक्षा कमी असतं, पण घाम वाळत नाही. पाणी आणि मीठ-साखरेची पुडी जवळ असू द्या. रिकाम्या बाटल्या परत आणा, बेटावरचा कचराही शेवटी बोटीनेच न्यावा लागतो.

लाइफ जॅकेट फोटोत वाईट दिसतं का?

आई या सहलीला सहज तयार झाली नव्हती. कारण तुम्हालाही आठवत असेल. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्या बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. सहलीला निघालेली, लहान मुलं घेतलेली, आपल्यासारखीच माणसं.

म्हणून तीन गोष्टी पाळा. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढच्या बोटीने जा. चढताच लाइफ जॅकेट मागा, घाला आणि सगळे पट्टे बांधा. कठड्यावर बसून किंवा बाहेर वाकून फोटो काढू नका. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यावर रील काढताना एक ट्रॅव्हल इन्फ्लुएन्सर दरीत पडली आणि तिचा जीव गेला. ती अनुभवी होती.

'जॅकेटमुळे ड्रेस झाकला जातो' हे मी स्वतः बोलले आहे. आई म्हणाली, 'आधी पट्टा बांध, मग काढ काय काढायचं ते.' पट्टा बांधला.

हे बेट झालं, पुढे कुठे?

जंजिरा: मुरुडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. तटाच्या भिंती थेट काळ्या कातळातून वर आलेल्या वाटतात. पावसाळ्यात बंद.

सुवर्णदुर्ग आणि खांदेरी: पहिला हर्णैसमोर, दुसरा अलिबागजवळ थळसमोर. दोन्ही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा लष्करी वारशातल्या १२ किल्ल्यांपैकी आहेत. होडी मिळते की नाही हे समुद्रावर अवलंबून, म्हणून आदल्या दिवशी स्थानिकांना विचारा.

सेंट मेरी बेटं: कर्नाटकात उडुपीजवळ मलपे किनाऱ्यासमोर. इथला लाव्हा थंड होताना आकसला आणि षटकोनी खांबांच्या आकारात तडकला. हा दख्खनपेक्षाही जुना, साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून वेगळा होत होता तेव्हाचा. पावसाळ्यात इथेही बोटी बंद असतात.

बॅरन बेट: अंदमानात. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. इथे उतरता येत नाही, लांबून बोटीतूनच बघायचा.

थोडक्यात

• सोमवार टाळा. मार्च ते मे हा काळ चांगला.
• पहिल्या बोटीने जा, मागच्या बाजूला बसा. शेवटच्या बोटीने या, पुढच्या बाजूला बसा.
• सकाळी लेण्याचा दर्शनी भाग, दुपारी लेण्याच्या आत, चारनंतर कॅनन हिल.
• फ्लॅश, ड्रोन आणि माकडांशी मैत्री नको.
• लाइफ जॅकेट पूर्ण प्रवासभर अंगावर.

त्या दिवशी मी साडेतीनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन निवडले तेव्हा त्रिमूर्तीचे चार बरे निघाले, गेटवेचा एक. फ्रेम करून भिंतीवर लावला तो मात्र शेवटच्या बोटीवरचा आहे. मागे तांबूस पाणी, पुढे नारिंगी जॅकेट घातलेली आई. सकाळी बोटीत चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता. या फोटोत ती एकटी बसली आहे आणि मुंबईकडे बघते आहे.